वजन वाढलेल्या मुलाचं डोकं मागे पडतं का?

‘चिमणी उड’ तुम्ही खेळलाच असाल. गोल करून बसायचं, बोट जमिनीला टेकवायचं. ज्याच्यावर राज्य तो म्हणतो ‘चिमणी उड’, की सगळ्यांची बोटं वर. ‘कावळा उड’, वर. ‘पोपट उड’, वर. मग त्याच चालीत, श्वासही न घेता, ‘म्हैस उड’. बोट उचललं तो बाद. म्हैस उडत नाही हे चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. पण हाताला लय लागलेली असते, आणि ऐनवेळी ती तोडायला डोक्यातून जोराचा ब्रेक मारावा लागतो.

आता दुसरा खेळ. 4, 9, 2, 7 हे आकडे एकदा वाचा, डोळे मिटा आणि उलट्या क्रमाने म्हणा. जमलं? मग पाच आकडे घ्या, मग सहा. कुठेतरी गाडी अडतेच. तिसरा खेळ: एक-क, दोन-ख, तीन-ग असं मोठ्याने पुढे म्हणत जा. आकडे पाठ, मुळाक्षरंही पाठ, तरी दर पावलाला रूळ बदलताना जीभ अडखळते.

मेंदूचे अभ्यासक मुलांना ज्या चाचण्या देतात त्यांतल्या बऱ्याच या तीन खेळांची भावंडं आहेत. स्वतःला आवरणं, माहिती डोक्यात धरून तिच्यावर काम करणं, आणि एका नियमावरून दुसऱ्या नियमावर जाणं. तिन्ही मिळून कार्यकारी कौशल्यं. त्यांतलं मधलं म्हणजे कार्यस्मृती. पाढे पाठ असणं वेगळं आणि हातचे दोन लक्षात ठेवून पुढच्या घराची बेरीज करणं वेगळं. ही दुसरी गोष्ट कार्यस्मृतीची. या कामांचा मुख्य भार कपाळामागच्या मेंदूवर असतो, आणि मेंदूचा तो भाग पुरता पिकायला पंचविशी उजाडते.

मुलांचं वाढलेलं वजन आणि शिकणं यांचा संबंध सापडतो तो बहुतेक वेळा इथेच, या तीन कौशल्यांत. म्हणून सुरुवात खेळांनी केली.

मी पाचवी ते सातवीला गणित शिकवते, बावीस वर्षं झाली. पालकसभा संपल्यावर आया थांबतात आणि हळूच विचारतात, “बाई, ह्याचं वजन वाढलं तेव्हापासून अभ्यासात लक्षच नाही. त्यामुळेच असेल का हो?” शिक्षकांच्या खोलीतही हा विषय निघतो, पण तिथे तो प्रश्न नसतो, निकाल असतो: ‘अंगाने वाढतोय, डोक्याने नाही.’ एकदा हे वाक्य सहावीतल्या एका मुलाच्या देखत बोललं गेलं. मी तिथे होते. त्याची खाली गेलेली मान मला अजून दिसते. या विषयावर मिळेल ते वाचायची सवय मला तेव्हापासून लागली.

मोजल्यावर काय दिसतं

अमेरिकेत नऊ-दहा वर्षांची असताना निवडलेल्या सुमारे 12 हजार मुलांचा एक मोठा अभ्यास चालू आहे. या मुलांचे मेंदूचे एमआरआय काढले जातात, चाचण्या घेतल्या जातात, आणि ती मोठी होईपर्यंत त्यांचा माग ठेवला जातो. त्यांतल्या 3,190 मुलांच्या माहितीवरचा एक निबंध 2020 साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, जास्त, त्यांच्या मेंदूची वरची साल, विशेषतः कपाळामागची, सरासरीने किंचित पातळ दिसली, आणि कार्यस्मृतीसारख्या कौशल्यांतले गुणही थोडे कमी निघाले.

ब्रिटनमध्ये ब्रिस्टल परिसरात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांचा असाच दीर्घ अभ्यास आहे. त्यातल्या जवळपास सहा हजार मुलांचे परीक्षेतले गुण 2014 साली तपासले गेले. अकराव्या वर्षी लठ्ठ असलेल्या मुली सोळाव्या वर्षी इंग्रजी, गणित आणि विज्ञानात सरासरी एक श्रेणी मागे होत्या: ‘सी’च्या जागी ‘डी’. बुद्ध्यांक आणि घरची परिस्थिती हिशोबात घेऊनही फरक उरला. मुलग्यांमध्ये चित्र इतकं स्पष्ट नव्हतं. फरक मुलींमध्येच का ठळक? वर्गात शिकवणाऱ्या कुणालाही याचं एक उत्तर सुचेल. त्याकडे पुढे येते.

आधी ‘सरासरी’ या शब्दापाशी थोडं थांबू या, कारण सगळा घोटाळा तिथे होतो. समजा, अ तुकडीची गणितातली सरासरी 62 आहे आणि ब तुकडीची 60. आता व्हरांड्यातून एक मूल धावत आलं, तर त्याचे गुण तुम्हाला सांगता येतील? ब तुकडीतही पंच्याण्णववाले असतात आणि अ तुकडीतही पस्तिसाला लटकलेले असतात. वजन आणि कार्यकारी कौशल्यांच्या अभ्यासांतले फरक साधारण अशाच जातीचे आहेत. हजारो मुलं एकत्र घेतली की दिसतात. समोर उभ्या असलेल्या एका मुलाबद्दल काही सांगत नाहीत. त्या सहावीतल्या मुलाबद्दल तर काहीच नाही.

म्हैसूरमध्ये उलटंच

सगळीकडे एकच उत्तर आलं असतं तर गोष्ट सोपी होती. म्हैसूरमधल्या एका रुग्णालयात जन्मलेल्या मुलांचा तिथले संशोधक वर्षानुवर्षं माग घेत आले आहेत. ही मुलं नऊ-दहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यातल्या साधारण 540 जणांच्या अंगावरची चरबी मोजली आणि त्यांना स्मरणशक्ती, भाषा, लक्ष अशा गोष्टींच्या चाचण्या दिल्या. 2014 साली निकाल आले. ज्यांच्या अंगावर मांस-चरबी थोडी जास्त, त्यांना काही चाचण्यांत उलट थोडे जास्त गुण होते.

मग चरबी म्हैसूरमध्ये डोक्याला चांगली आणि अमेरिकेत वाईट असते का? नाही. या गटात जास्त वजनाची मुलं अगदीच मोजकी होती. तिथे थोडं अंग भरलेलं मूल म्हणजे आपल्याकडच्या भाषेत खात्यापित्या घरचं मूल. त्या घरात पुस्तकं असतात, आई शिकलेली असते, आजारपणात डॉक्टर परवडतो. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हे गणित फिरलेलं आहे. तिथे स्वस्तातलं अन्न साखर-तेलाने भरलेलं, आणि गरीब वस्तीत खेळायला सुरक्षित मैदान मिळणं कठीण. म्हणून तिथे वजन गरिबीच्या बाजूला सरकलं. दोन्हीकडे काट्यावरचा आकडा मुलाच्या घराबद्दलही बोलत असतो, आणि आपण तो फक्त मुलाबद्दल ऐकतो.

आपल्याकडे दोन्ही प्रकार एकाच वेळी चालू आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीची तुलना केली तर पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण देशात 2.1 टक्क्यांवरून 3.4 टक्क्यांवर गेलं, महाराष्ट्रात 1.9 वरून 4.1 वर. आकडे लहान आहेत, पण महाराष्ट्रात चार-पाच वर्षांत दुपटीहून जास्त. त्याच पाचव्या फेरीत देशातली शंभरातली 35 मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. गुटगुटीत बाळाच्या स्पर्धा आपण ज्या काळात भरवायला लागलो तो काळ कुपोषणाचा होता. बाळसं म्हणजे जगण्याची खात्री, असा हिशोब होता आणि तो तेव्हा बरोबरही होता. आजी अजून तोच हिशोब करते म्हणून तिला दोष देण्यात अर्थ नाही.

आधी काय, नंतर काय

दोन गोष्टी बरोबर दिसल्या की पहिलीमुळे दुसरी झाली असं वाटतं. इथे दिशा ठरवायला न्यूझीलंडचा एक अभ्यास फार उपयोगी पडतो. ड्युनेडिन शहरात 1972-73 मध्ये जन्मलेल्या 1,037 मुलांचा माग तिथे आजतागायत घेतला जातो. लहानपणी त्यांचा बुद्ध्यांक मोजला होता आणि अडतिसाव्या वर्षी पुन्हा मोजला. लठ्ठ झालेल्यांचा बुद्ध्यांक अडतिसाव्या वर्षी सरासरीने कमी होता खरा. पण त्यांचे लहानपणचे कागद उघडले तर तो तेव्हाही तितकाच कमी होता, वजन वाढण्याच्या आधीपासून. मधल्या काळात लठ्ठपणामुळे घसरण झालेली दिसली नाही.

म्हणजे बाण उलट्या दिशेलाही जातो. ज्या मुलाला स्वतःला आवरणं अवघड जातं, त्याला समोरची दुसरी करंजी नाकारणंही अवघड जाणार. ‘म्हैस उड’ला ज्याचं बोट आवरत नाही, त्याचा हात फरसाणाच्या डब्याकडेही लवकर जातो. अमेरिकेत स्टॅनफर्डला वॉल्टर मिशेल यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. समोर एक गोड पदार्थ ठेवायचा. थांबलास तर दोन मिळतील, असं सांगून मोठ्या माणसाने खोलीबाहेर जायचं. त्या मुलांना तीस वर्षांनी पुन्हा गाठलं, तेव्हा बालवाडीत थांबलेल्या दर एका मिनिटामागे मोठेपणीचा बीएमआय 0.2 ने कमी भरत होता.

हा प्रयोग सांगताना लोक एक गोष्ट वगळतात, आणि मला ते खुपतं. 2018 साली दुसऱ्या संशोधकांनी वेगवेगळ्या थरांतल्या, संख्येने कितीतरी जास्त मुलांची अशीच माहिती तपासली. थांबण्याची ताकद आणि शाळेतलं यश यांचा संबंध घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर बराचसा विरला. जिथे आज ताटात असलेलं उद्या असेलच याची खात्री नाही, तिथे समोरचं लगेच खाऊन टाकणारं मूल मूर्ख नसतं.

तर नातं दुतर्फा आहे, आणि दोन्ही बाजूंना घर उभं आहे. पण तेवढ्याने गोष्ट संपत नाही, कारण वजन आणि विचार यांच्यामध्ये काही ठोस दुवे आहेत, जे तपासता येतात आणि त्यांतले बरेच दुरुस्तही होतात. माझ्या मते सगळं लक्ष तिथे द्यायला हवं.

घोरणं, रक्त, आणि मानेवरचा काळा पट्टा

झोप हा माझ्या यादीतला पहिला दुवा. घोरणाऱ्या मुलाला घरात हसतात: ‘बघा, आजोबांवर गेलाय.’ मूल रोज रात्री घोरत असेल तर त्यात हसण्यासारखं काही नाही. गळ्याभोवती चरबी साठते, टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढलेल्या असल्या तर श्वासाची वाट आणखी अरुंद होते, आणि झोपेत श्वास काही सेकंद अडतो. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, श्वास सुरू होतो, पुन्हा तेच. एका रात्रीत असं अनेकदा. सकाळी आठ तास झोपलेलं मूल प्रत्यक्षात तुकड्या-तुकड्यांत झोपलेलं असतं.

मोठी माणसं अशा झोपेनंतर पेंगतात. मुलं मात्र पुष्कळदा उलटी वागतात: चुळबुळी, चिडकी, एका जागी न बसणारी. वर्गात आम्ही त्याला ‘लक्ष नाही’ म्हणतो. अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या 464 मुलांवर या बाबतीत एक नीट आखलेला प्रयोग झाला, 2013 साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांचे टॉन्सिल आणि गाठी लगेच काढल्या, उरलेल्यांवर नुसती नजर ठेवली. सात महिन्यांनी लक्ष आणि कार्यकारी कौशल्यांच्या प्रत्यक्ष चाचणीत दोन्ही गट सारखेच निघाले. पण शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची झोप सुधारली होती, आणि त्यांचं वागणं सुधारल्याचं पालकांनी आणि शिक्षकांनीही नोंदवलं. मला हे दोन्ही निकाल सारखेच महत्त्वाचे वाटतात. घोरणं थांबल्यावर मूल रातोरात हुशार होत नाही. पण बाकावर टिकून बसलेलं मूल शिकण्याच्या वाटेवर असतं.

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ ते बारा तास झोप हवी. माझ्या वर्गात हात वर करायला सांगितले की निम्म्यांची झोप आठ तासांच्या आत भरते. कमी झोपेने भूक वाढते आणि दुसऱ्या दिवशी हालचाल कमी होते, म्हणजे झोप वजनावरही चालून जाते.

दुसरा दुवा रक्ताचा. अंगाने भरलेलं मूल पाहिलं की पंडुरोग, म्हणजे अ‍ॅनिमिया, कुणाच्या मनात येत नाही. इथे फसगत होते. शरीरात चरबी वाढली की आतल्या आत मंद दाह चालू राहतो, त्याने यकृतात तयार होणारं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं, आणि ते आतड्यातून लोह रक्तात शिरण्याची वाटच आवळून धरतं. त्यात डबा बिस्किटांचा आणि संध्याकाळ चिप्सच्या पुड्याची, म्हणजे पोटात लोह मुळात कमी. मेंदूतल्या पेशींचे निरोप वेगाने जायला लोह लागतं. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या 67 मुलांना अ‍ॅनिमिया निघाला, त्यामुळे आपल्याकडे जाड मुलाला तो नसेल असं गृहीत धरायची सोय नाही.

बी-12 जीवनसत्त्वाची गोष्ट तर आपल्या पुण्याची आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बाया आणि त्यांची मुलं यांचा माग ठेवला. गरोदरपणात ज्या आयांच्या रक्तात बी-12 फार कमी होतं, त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर दोन चाचण्यांत मागे पडली: आकडे उलट्या क्रमाने म्हणणं, आणि कागदावर विखुरलेले आकडे क्रमाने जोडत जाणं, म्हणजे लक्ष टिकवण्याची चाचणी. त्यांतली पहिली म्हणजे वरचा दुसरा खेळ. हे जीवनसत्त्व प्राणिज अन्नातच असतं, शाकाहारी घरात ते दूध-दह्यातूनच यायचं. कार्यस्मृती कमी पडली की आपण वजनाकडे, मोबाइलकडे, आळसाकडे बोट दाखवतो, आणि तिचं एक मूळ मूल जन्मायच्या आधीच्या ताटात निघतं.

इन्सुलिनबद्दल थोडक्यात सांगते. काही मुलांच्या मानेवर, काखेत काळपट, जाडसर, मखमलीसारखा पट्टा येतो. आया तो मळ समजून डाळीचं पीठ आणि लिंबू लावून घासतात, मुलाला रडू येईपर्यंत. तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते रक्तात जास्त फिरतं, आणि त्याची ही खूण. न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात ज्या किशोरवयीन मुलांना लठ्ठपणाबरोबर साखर, रक्तदाब, चरबी यांचे बिघाड होते, त्यांचे गणित, शुद्धलेखन आणि लक्ष यांतले गुण कमी होते. असा पट्टा दिसला तर घासणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

काटा काय दाखवत नाही

याज्ञिकांच्या गटानेच आणखी एक गोष्ट दाखवली. पुण्याजवळच्या नवजात बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपली बाळं सगळ्याच मापांनी लहान, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. कमी आहे ते मांस. वरून बारीक, आतून चरबीचं बाळ. 2004 साली याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली. दोघांचा बीएमआय नेमका सारखा, 22.3. युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2.

म्हणून आपल्या मुलांना परदेशी तक्ता लावून चालत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाच ते अठरा वयासाठी 2015 साली सुधारित तक्ते काढले. त्यांत मोठ्यांच्या 23 ला जुळणारी रेघ जास्त वजनाची आणि 27 ला जुळणारी रेघ लठ्ठपणाची. परदेशी रेघा 25 आणि 30 च्या आहेत. मुलाचा बीएमआय वयाबरोबर आपोआप बदलत असतो, त्यामुळे मोबाइलवरच्या मोठ्यांच्या कॅल्क्युलेटरमध्ये मुलाचं वजन घालून घाबरू नका आणि निर्धास्तही राहू नका. आणि हडकुळं पण दिवसभर बसून असणारं, रात्री बारापर्यंत जागणारं मूल घरात असेल तर ‘आमच्याकडे हा प्रश्न नाही’ असं म्हणता येणार नाही. झोप, लोह आणि हालचाल यांची वानवा काट्याला दिसत नाही.

आमच्या वर्गातला दुवा

मुलींबद्दलचा प्रश्न मी मागे ठेवला होता. अमेरिकेत पाचवी ते आठवीच्या काही हजार मुलांचा एक अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. या काळात ज्या मुलांचं वजन वाढलं, त्यांच्याबद्दल शिक्षकांचं मत खालावलं: ‘हा अभ्यासात पूर्वीइतका नाही’, ‘ही मागे पडली’. प्रमाणित परीक्षेतले गुण बघितले तर ती मुलं होती तिथेच होती. घसरले होते आम्ही.

हे वाचलं त्या दिवशी मी माझ्या जुन्या शेरेवह्या काढून बसले. ‘आळशी आहे’, ‘मंद आहे’, ‘प्रयत्न हवेत’ हे शेरे कुणाकुणाच्या नावापुढे आहेत ते पाहिलं. पुढचं लिहायला जड जातं, पण लिहिते: त्यांत अंगाने मोठ्या असलेल्या मुलींची नावं जास्त होती. ज्या मुलीला मधल्या सुट्टीत ‘ढोली’ म्हणतात, फळ्यापाशी बोलावलं की मागून कुणीतरी खुसखुसतं, तिची निम्मी कार्यस्मृती त्या खुसखुसण्याकडे लागलेली असते. मनात चार आकडे धरायची जागा, त्यातली दोन घरं भीतीने आणि लाजेने अडवलेली. मग ती हातचा विसरते, आणि आम्ही शेरा मारतो. वजन तिच्या डोक्यात गेलं नाही, आमचं बोलणं गेलं.

मग करायचं काय

एक गोष्ट आधी: मुलाला उपाशी ठेवू नका. पाचेक वर्षांच्या मुलाच्या शरीरात दिवसभराच्या एकूण ऊर्जेतली सुमारे 43 टक्के एकटा मेंदू खातो. मोठ्या माणसापेक्षा बराच जास्त वाटा. रात्रीचं जेवण बंद, भात बंद, अमुक पावडर चालू, असले मोठ्यांचे प्रकार मुलावर करायचे नसतात. मूल वाढत असतं, हा आपल्या बाजूचा फायदा आहे. बहुतेक वेळा डॉक्टर एवढंच सांगतात की वजन आहे तिथे थोपवा, उंची त्याला गाठेल. घरात सगळ्यांचं ताट एकच असावं. एका मुलाला काकडी आणि धाकट्याला वेफर्स हा अपमान आहे, आणि मुलाला तो बरोबर कळतो.

पण माझा जीव खरा अडकला आहे तो हालचालीत, कारण तिथे पुरावा सगळ्यात चांगला आहे आणि तिथेच माझी चूक आहे. परीक्षा जवळ आली की पी.टी.चा तास गणिताला द्यायचा, ही आमच्याकडची रीत. मी स्वतः असे किती तास घेतले त्याला गणती नाही. मुलं खिडकीतून मैदानाकडे बघत असायची आणि मी अपूर्णांक शिकवत असायचे. मला वाटायचं, मी त्यांचं भलं करतेय.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या चार्ल्स हिलमन यांनी सात ते नऊ वर्षांच्या 221 मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागलं. एका गटाला नऊ महिने रोज शाळेनंतर दोन तास खेळ, त्यात किमान सत्तर मिनिटं धाप लागेल अशी हालचाल. 2014 साली निकाल आला: आवर घालणं आणि रूळ बदलणं या दोन्हींत खेळणारी मुलं पुढे गेली. स्पेनमध्ये ग्रानाडाला आठ ते अकरा वर्षांच्या, जास्त वजनाच्याच 109 मुलांवर वीस आठवड्यांचा व्यायामाचा प्रयोग झाला. त्यांचे बुद्धिमत्ता चाचणीतले गुण वाढले, विचारांची लवचिकता वाढली. एमआरआयमध्ये मेंदूच्या आकारात काही फरक दिसला नाही. साल पातळ असल्याच्या बातमीने घाबरलेल्या पालकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं: साल तेवढीच राहिली आणि काम सुधारलं.

सगळे प्रयोग एका ठिकाणी आणून ताडून बघितले की चित्र थोडं मवाळ होतं. 2018 सालच्या एका नामांकित आढाव्यात जास्त वजनाच्या मुलांवरचे हालचाल आणि आहाराचे 18 प्रयोग आणि 2,384 मुलं होती. शारीरिक हालचालीने कार्यकारी कौशल्यांत थोडी सुधारणा दिसली, पण परीक्षेतल्या गुणांवर तिचा फायदा स्पष्ट ठरला नाही. तेव्हा खेळलं की नव्वद टक्के मिळतील असं मी कुणाला सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच ते सतरा वयासाठी सांगितलेली दिवसाला साठ मिनिटांची धाप लागणारी हालचाल मात्र मी आता हट्टाने मागते. लंगडी, खोखो, लगोरी, डबा ऐसपैस, काहीही चालेल. खोखोत पाठीत ‘खो’ बसेपर्यंत आपल्या जागी दबा धरून राहायचं आणि बसल्या क्षणी सुटायचं; आवर आणि रूळ बदलणं यांचा इतका चांगला तास मला वर्गात घेता येत नाही.

एका प्रयोगाबद्दल मात्र सविस्तर सांगते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात ऑगस्टा इथे कॅथरिन डेव्हिस यांनी जास्त वजनाची, बहुतेक वेळ बसून असणारी सात ते अकरा वर्षांची 171 मुलं घेतली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट: एकाला काहीच नाही, दुसऱ्याला रोज वीस मिनिटं खेळ, तिसऱ्याला चाळीस. तीन महिने. पळापळीचे खेळ, दोरीवरच्या उड्या, नियम सोपे केलेला बास्केटबॉल आणि फुटबॉल. मुलांच्या अंगावर हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र असायचं. बक्षीस पहिला आला त्याला नव्हतं, गोल केला त्यालाही नव्हतं. ज्याचे सरासरी ठोके मिनिटाला 150 च्या वर राहिले त्याला गुण मिळायचे. संघ निवडताना ज्याला सगळ्यात शेवटी घेतात, त्या जड मुलाचं हृदय तेवढ्याच पळण्याने इतरांच्या आधी 150 ला पोचतं. तीन महिन्यांनी चाळीस मिनिटं खेळणारी मुलं कामाची आखणी करण्याच्या चाचणीत सगळ्यात पुढे होती, वीस मिनिटंवाली त्यांच्या मागे, आणि बसून राहिलेली त्यांच्याही मागे. गणितातही खेळणाऱ्यांचे गुण वाढले. गणिताचा एकही जादा तास त्यांना कुणी दिला नव्हता.